टीव्हीच्या खोक्यावर आतलं पॅनल कुठलं ते छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाडवा तोंडावर आलाय आणि पेपरात रोज टीव्हीच्या पानभर जाहिराती येतायत, ५५ इंच, फोरके, क्यूएलईडी, डॉल्बी, जुना द्या नवा न्या, हप्ता एवढा न तेवढा. माझं कराडला टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, पिक्चर ट्यूबच्या काळापासून हेच काम करतोय, त्यामुळे हे सेट उघडून आतून बघायची सवय आहे. आतून जे दिसतं ते जाहिरातीत नसतं आणि खोक्यावरही नसतं, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे, आत पॅनल (चित्र दाखवणारा पडदा) कुठल्या जातीचं आहे, त्याचा उजेड किती निट्स (उजेड मोजायचं माप) आहे आणि खरा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, किती आहे हे तीन आकडे टीव्हीच्या खोक्यावर ठळक छापायची सक्ती व्हावी. का ते जरा सविस्तर लिहितो, जागा लागेल पण छापा.

हल्ली बातम्या आणि मालिका माणसं मोबाइलवरच बघून घेतात. मोठा टीव्ही घेणाऱ्याला घरी थेटरसारखा पिक्चर बघायचा असतो. तालुक्याच्या गावातली जुनी थेटरं एकेक करून बंद पडली, मल्टिप्लेक्सला घरातली चौघं गेली तर तिकीट, खाणं, पेट्रोल धरून जो खर्च होतो तो दर महिन्याला झेपत नाही, आणि पिक्चर काही आठवड्यांत ओटीटीवर येतोच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे आधी ३२ वर थांबणारी माणसं आता ४३ आणि ५५ कडे वळलीत. चांगलंच आहे. पण तीस ते पन्नास हजार ही रक्कम आपल्याकडच्या घरात छोटी नाही हो, वर्षानुवर्षं एकदाच होणारी खरेदी असते ती, आणि ती फक्त इंच आणि स्टिकर बघून करावी लागते हे मला पटत नाही.

सिनेमासाठी टीव्ही घेताना पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे काळा रंग किती काळा दिसतो. इंच, फोरके, अ‍ॅप हे सगळं त्याच्यानंतर. कारण असं की एलसीडी पॅनल (एलईडी म्हणून विकले जाणारे सेटही आतून एलसीडीच असतात) स्वतः उजेड देत नाही, मागे एलईडीच्या पट्ट्या कायम जळत असतात आणि पुढचं पॅनल जिथं अंधार हवा तिथं तो उजेड अडवतं. किती अडवणार हे पॅनलच्या जातीवर. बजेटच्या सेटमध्ये मुख्य दोन जाती येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यामधला उजेडाचा फरक, साधारण ३००० ला १ किंवा त्याहून वर, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. म्हणजे दिवे बंद करून रात्रीचा सीन बघितला तर व्हीएवर अंधार अंधारासारखा दिसतो आणि आयपीएसवर सगळ्या पडद्यावर राखाडी धूर पसरल्यासारखं दिसतं. उलट आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत, व्हीए मात्र बाजूने फिकट होतं. ज्यांच्या हॉलमध्ये समोर सोफा, बाजूला दिवाण, दारात खुर्ची असं सगळं घर पसरून बसतं आणि ट्यूब चालू असते त्यांनी आयपीएस घ्यावं, ज्यांना समोर बसून दिवे घालवून पिक्चर बघायचाय त्यांनी व्हीए घ्यावं. दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत. पण दुकानात विचारून बघा यात व्हीए आहे का आयपीएस, सेल्समन पोरगा गोंधळतो, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं, आणि खोक्यावर लिहिलेलं असतं फक्त एलईडी किंवा क्यूएलईडी.

क्यूएलईडी म्हणजे तेच एलसीडी, मागे क्वांटम डॉटचा एक थर वाढवलेला, त्याने रंग जास्त भरीव होतात पण काळा रंग सुधारत नाही. ओएलईडी पूर्ण वेगळा प्रकार, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरंच काळा, पण त्याचा ५५ इंची सेट अजून लाखाच्या आसपास जातो, म्हणून आपल्या या पत्रात तो विषय नाही. मधला मार्ग म्हणजे लोकल डिमिंग, मागच्या पट्ट्या भागाभागाने मंद होतात, मिनी एलईडीमध्ये हेच भाग बरेच जास्त असतात. बजेट थोडं ताणता येत असेल तर पैसे इथं ताणा, दहा इंच वाढवण्यात नाही.

काळ्या रंगावरून आठवलं, एक तक्रार घेऊन माणसं कायम येतात की पिक्चर लावला की वर-खाली काळे पट्टे येतात, सेट खराब आहे का. सेट खराब नाही. टीव्हीचा पडदा १६ बाय ९ आणि बरेच सिनेमे त्याहून खूप रुंद, २.३९ ला १ या मापात काढलेले असतात. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच, त्यावर असा सिनेमा लावला की चित्राची उंची ५१ सेंटिमीटरच राहते, उरलेलं वर-खाली रिकामं. ते झूम करून भरू नका, दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. पण पॅनल तपासायला हेच पट्टे कामाचे आहेत, खोलीत अंधार केल्यावर पट्टे टीव्हीच्या काळ्या कडेत मिसळून गेले तर पॅनल चांगलं, राखाडी उजळ दिसत राहिले तर सिनेमाच्या दृष्टीने कच्चं.

आता हे दुकानात कळत का नाही तर तिथं वर पांढरे दिवे भगभगत असतात, आणि सगळे सेट शॉप मोडमध्ये व्हिव्हिडवर लावलेले, बॅकलाइट शंभरवर, रंग फुल्ल, आणि चित्र कसलं तर फळं, फुलपाखरं, समुद्र. त्या उजेडात आयपीएस आणि व्हीएमधला काळ्याचा फरक माझ्यासारख्याला सुद्धा डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून जाताना पेनड्राइव्हवर रात्रीचा एखादा सीन आणि एक पूर्ण काळा फोटो घेऊन जा, सिनेमा किंवा मूव्ही मोड लावायला सांगा, असेल तर फिल्ममेकर मोड, आणि शक्य झालं तर दोन मिनिटं त्या कोपऱ्यातला दिवा घालवायला सांगा. चांगला दुकानदार घालवतो, आमच्याकडचे दोघे-तिघे घालवतात. मग क्रिकेट लावा. कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरला की काही सेटवर उभे मळकट पट्टे सरकताना दिसतात, तो बॅकलाइट आणि पॅनलच्या एकसारखेपणातला दोष आहे, तो घरी नेल्यावर कमी होत नाही आणि कंपनी त्याला बहुतेक वेळा दोष मानत नाही.

एचडीआरचं, म्हणजे एकाच चित्रात जास्त उजळ आणि जास्त गडद भाग दाखवायच्या पद्धतीचं, पण असंच आहे. खोक्यावर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रकारचा सिग्नल सेटला वाचता येतो. तो दाखवायला उजेडाची ताकद लागते. साधा पिक्चर १०० निट्स धरून तयार करतात, एचडीआरचा १००० निट्स किंवा त्याहूनही वर धरून, आणि स्वस्तातल्या सेटचं पॅनल २५०-३०० निट्सवर संपतं. मग होतं काय, सेट सगळा सिग्नल दाबून तेवढ्यात बसवतो आणि कधी कधी एचडीआर चित्र साध्यापेक्षा पण काळवंडलेलं दिसतं, गिऱ्हाईक म्हणतं डॉल्बी व्हिजन लागलं की अंधार होतो. ६०० निट्सच्या आसपास गेलं की एचडीआरला थोडा अर्थ येतो. हा आकडा काही कंपन्या वेबसाइटवर देतात, काही देतच नाहीत.

रिफ्रेश रेटबद्दल तर मला चीड येते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर २४ सारखे वाटले जात नाहीत, एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं करावं लागतं, त्यामुळे कॅमेरा हळू फिरला की चित्र अडखळतं. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. म्हणून खऱ्या १२० हर्ट्झला सिनेमासाठी किंमत आहे. पण आता स्वस्त सेटवर '१२० हर्ट्झ डीएलजी' असं येतंय, त्यात पॅनल ६० चंच असतं, दोन-दोन ओळी एकदम चालवून वेग दुप्पट करतात आणि त्या वेळेला उभं रिझोल्यूशन निम्मं होतं. गेम खेळणाऱ्या पोरांना ते उपयोगी पडत असेल, नाही म्हणत नाही, पण १२० मोठ्या अक्षरात आणि डीएलजी बारीक अक्षरात छापणं हे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं आहे. आणि मोशन स्मूथिंग म्हणून जे येतं ते पिक्चर बघताना बंद करा, त्याने सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

साइजबद्दल फार लिहीत नाही. दिवे घालवून सिनेमा बघायचा असेल तर पडद्याच्या तिरक्या मापाच्या सव्वा ते दीडपट अंतरावर बसा असा ढोबळ हिशोब, ५५ इंचाला तो साडेपाच ते सात फूट येतो, ४३ ला साडेचार ते साडेपाच. आपल्याकडे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ५५ आरामात बसतो. फक्त तो शोकेसच्या वर छताला टेकवून लावू नका, बसल्यावर डोळ्याच्या रेषेत पडद्याचा मध्य यायला पाहिजे, नाहीतर मान दुखते आणि व्हीए असेल तर खालून बघताना रंगही उतरतात. समोर खिडकी किंवा गॅलरी असेल तर पडदा लावा.

आवाजावर मात्र मी भांडायला तयार आहे. पन्नास हजार असतील तर पन्नास हजारांचा टीव्ही घेऊ नका, पस्तीस-अडतीस हजारांचा घ्या आणि उरलेले आवाजाला ठेवा. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर लहान झाले आणि तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे गेलं, त्यामुळे संवाद कळत नाहीत म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि गाणं आलं की घर दणाणतं. टीव्हीवर डॉल्बी अ‍ॅटमॉसचा (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचा) स्टिकर असला तरी वीस वॅटच्या दोन छोट्या स्पीकरमधून थेटर येणार कुठून. साउंडबार घेताना सबवूफर वेगळा असलेला घ्या, वॅट आरएमएसमध्ये (सतत मिळणारी खरी ताकद) विचारा, पीएमपीओचे हजारो वॅट सोडून द्या, त्या आकड्याला काही अर्थ नाही. टीव्हीला आवाज बाहेर नेणारं, एचडीएमआय एआरसी लिहिलेलं पोर्ट असतं, साउंडबार त्याच पोर्टला लावायचा, माणसं दुसऱ्या पोर्टला लावतात आणि आवाज येत नाही म्हणून सेट उचलून माझ्याकडे आणतात. साध्या एआरसीवरून ओटीटीचा अ‍ॅटमॉस जातो, ईएआरसी (एआरसीचा पुढचा प्रकार) लागतं ते ब्ल्यूरे वगैरेच्या न दाबलेल्या आवाजाला, त्यामुळे बजेटमध्ये ईएआरसी नसलं म्हणून अडून बसू नका. घरात जुना चालू होम थिएटर पडला असेल तर टीव्हीला ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या वायरने आवाज नेणारं पोर्ट) आहे का बघा, ५.१ डॉल्बी (पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा आवाज) त्यावरून जातो, नवीन खर्चच नको.

ओटीटीचंही एक बघून घ्या, अगदी स्वस्तातल्या काही सेटमध्ये अँड्रॉइड असतं पण नेटफ्लिक्स, प्राइमची अधिकृत मान्यता नसते, मग फोरके पडद्यावर पिक्चर खालच्या क्वालिटीत येतो. नेटफ्लिक्सला फोरके सगळ्यात वरच्या प्लॅनवरच आहे आणि त्याला १५ एमबीपीएस स्पीड लागतो. सेटची रॅम कमी पडून तो दोन-तीन वर्षांनी अडकायला लागला तर टीव्ही बदलू नका, चार-पाच हजाराची ओटीटी चालवणारी स्टिक लावा.

आता माझ्या टेबलवरचं सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एलईडी सेटमध्ये सगळ्यात जास्त येतो तो बॅकलाइट गेलेला, आवाज येतो पण चित्र नाही. पट्टीवरचा एक एलईडी गेला की पूर्ण सिरीज बंद. कारण बहुतेक वेळा हेच की सेट पहिल्या दिवसापासून शंभर टक्के बॅकलाइटवर चालवला, इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाने शॉप मोड तसाच ठेवला आणि घरच्यांना ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी होम मोड निवडून बॅकलाइट पन्नास-साठवर आणा, रात्री सिनेमाला तेवढा भरपूर होतो, डोळ्यांना बरं आणि पट्ट्या पण टिकतात. दुसरं, काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारू नका, तो ओघळून खालच्या कडेत जातो, तिथं पॅनलला चिकटवलेल्या नाजूक सर्किटच्या फिती असतात, त्या गेल्या की पडद्यावर उभ्या रेघा, आणि मग पॅनल बदलायची किंमत नवीन सेटच्या जवळ जाते. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला खर्च सांगतो आणि परत पाठवतो, आणि ते तोंड बघवत नाही. ऑनलाइन मागवलात तर डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून, चालू करून, व्हिडिओ काढून घ्या, आणि सेट आडवा झोपवून कधी नेऊ नका.

आणि आता माझ्या मागणीचं मूळ. एकाच कंपनीचा, एकाच मॉडेल नंबरचा सेट दोन गिऱ्हाइकांकडून येतो आणि उघडल्यावर आत दोन वेगळ्या कारखान्यांची पॅनल निघतात, कधी तर जातच वेगळी, एकात व्हीए, एकात आयपीएस. पॅनल बनवणारे कारखाने मोजके आहेत आणि बरेचसे चीनमध्ये, टीव्ही कंपन्या ज्या वेळेला जे मिळेल ते घेतात. धंदा म्हणून मला ते समजतं. पण मग दुकानात बघून पसंत केलेला सेट आणि गोडाऊनमधून घरी आलेला सेट एकच आहे याची खात्री कुणी द्यायची? इंटरनेटवरचे रिव्ह्यू वाचून घेणाऱ्या मुलांचीही यात फसगत होते, कारण रिव्ह्यू ज्या पॅनलचा होता ते घरी आलंच नाही.

हे छापणं अवघड नाही. विजेसाठी बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल आपल्याकडे २००६ साली सुरू झालं, आज खेड्यातली बाई पण फ्रिज घेताना स्टार मोजते. युरोपात १ मार्च २०२१ पासून टीव्हीच्या नव्या लेबलवर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की सरकारी नोंदीत त्या मॉडेलची माहिती उघडते, पॅनलचं तंत्रज्ञान कुठलं हे पण त्यात असतं, आणि एचडीआर चालू असताना वीज किती लागते तो आकडा वेगळा. आपल्या स्टार लेबलवर आणखी तीन ओळी वाढवायला काय हरकत आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मालाचा दर्जा आणि मानक याची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेलाच आहे. टीव्हीची जुळणी आपल्याकडेही होते, पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, एके काळी छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे सेट बनायचे, त्यामुळे बाहेरून आलेला माल, आम्हाला काय माहीत असं म्हणायला जागा नाही.

१५ मार्चला ग्राहक हक्क दिन असतो, दरवर्षी भाषणं होतात. या वेळी मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत या दोन्ही संस्थांनी हा विषय केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे आणि बीईईकडे लेखी न्यावा, तांत्रिक कागद तयार करायला माझ्यासारखे गावोगावचे मेकॅनिक फुकट मदत करतील, मी तर नक्की करीन. आणि तुम्हाला विनंती अशी की टीव्हीच्या जाहिराती घेताना कंपन्यांना हे तीन आकडे मागा. एका पेपरने मागून कंपनी देणार नाही कदाचित, पण सगळ्यांनी मागितले तर द्यावेच लागतील. तोपर्यंत ज्यांना या पाडव्याला घ्यायचाच आहे त्यांनी दुकानदाराकडून बिलावर पॅनलचा प्रकार लिहून घ्यायचा आग्रह धरा, आणि लिहिलं एक आणि निघालं दुसरं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, कराड